हेल्परची जागा घ्यावी का, आणि स्कॅनर आधी की मल्टिमीटर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑटोमोबाइलचा कोर्स संपत आलाय, एका वर्कशॉपमध्ये हेल्परची जागा मिळतेय, पण वर्षभर ऑइल बदलण्यात आणि चाकं काढण्यातच जाईल अशी धास्ती वाटते. त्यापेक्षा साठवलेल्या पैशांत चांगला स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेऊन थेट इलेक्ट्रिकल कामात किंवा इलेक्ट्रिक गाड्यांत शिरावं का? आणि हत्यारं नेमकी कोणती घ्यावीत?

यातला खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. पार्ट काढणं-बसवणं हे हाताचं काम आहे, ते वर्ष-दीड वर्षात कुणालाही जमतं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणं ही दुसरी गोष्ट, आणि टेक्निशियनची किंमत तिच्यावर ठरते. पहिल्यातून दुसऱ्यात कसं जायचं, हे तुम्हाला विचारायचंय. माझं उत्तर: जागा घ्या, काही गोष्टी विचारून घ्या, स्कॅनर सध्या घेऊ नका, मल्टिमीटर (व्होल्ट, करंट, रोध मोजणारा मीटर) घ्या, आणि इलेक्ट्रिक गाड्यांकडे जरूर जा, पण बारा व्होल्टची वायरिंग पक्की झाल्यावर.

वर्कशॉप कसलं आहे यावर बरंच अवलंबून आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकाच कंपनीच्या गाड्या येतात. सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे आणि खास हत्यारं हाताशी असतात, ट्रेनिंगही मिळतं. पण काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं आणि वॉरंटीच्या गाडीत ‘पार्ट बदलून टाक’ ही सवय लवकर लागते. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजमध्ये विविधता भरपूर, जुन्या गाड्यांचे गुंतागुंतीचे बिघाडही भरपूर. मात्र माहितीचा तुटवडा असतो आणि शिकवणारा माणूस चांगला नसेल तर त्याच्या चुकीच्या सवयी तुमच्या होतात. दोन्हींपैकी एकच चांगलं असं काही नाही. पण जागा घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. मी कुणाच्या हाताखाली काम करणार? मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा मला बघता येईल का? आणि गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली तर पुढे काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला ‘ज्यानं काम केलं त्याच्या पगारातून कापतो’ एवढंच उत्तर आलं, तर तिथे लोक चुका लपवत असणार आणि तुम्हाला शिकायला फार थोडं मिळेल.

आता ज्या कामांना तुम्ही कंटाळवाणी म्हणताय, त्यांच्याबद्दल. ऑइल बदलणं घ्या. ड्रेन प्लग उघडला, ऑइल काढलं, प्लग लावला, नवं ओतलं, इतकंच दिसतं. पण ऑइल चेंबर बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग स्टीलचा. हाताच्या अंदाजानं आवळलेला प्लग दहा वेळा चालतो, अकराव्या वेळी आटे घेऊन बाहेर येतो. म्हणून तिथे मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा ठरवून दिलेला जोर) आणि नवा वॉशर. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरवरच आहे ना, हे दर वेळी बघायचं. ती इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकमेकींवर येतात. गाडी सुरू होताना सगळं कोरडं दिसतं, पण दाब वाढला की रिंग सरकते आणि थोड्या अंतरात इंजिन रिकामं होतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवायचं, फिल्टर हातानं टेकेपर्यंत घ्यायचा आणि पुढे फिल्टरवर छापलेला असेल तेवढा वळसा द्यायचा, साधारण पाऊण. पट्ट्याचा पाना फिल्टर काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही.

ऑइल ओतताना पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन सुरू करून ऑइलचा दिवा विझू द्या, बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक बघून उरलेलं घाला. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. आणि डब्यावर फक्त ५डब्ल्यू-३० हा घट्टपणाचा आकडा पाहून थांबू नका. ज्या डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर आहे तिला कमी राखेचं ऑइल लागतं. चुकीच्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही.

ब्रेक पॅडच्या कामात तर अर्धं निदानशास्त्र भरलेलं आहे. जुने पॅड काढले की ते फेकायच्या आधी शेजारी ठेवून बघा. नवा पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटरचा असतो. तीनच्या आसपास आला की बदलायचा. आतला पॅड तीन आणि बाहेरचा सात असेल, तर बहुधा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकपिना अडकल्या आहेत. नुसते पॅड बदलले तर तीच तक्रार काही महिन्यांत परत येणार. पिना काढून साफ करा, रबराला चालणारंच ग्रीस लावा. खनिज तेलाच्या ग्रीसनं रबर फुगतं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं टांगा. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीत नजर टाका, कारण कुणी मधे वरून भर घातली असेल तर ते उतू जाईल आणि जिथे सांडेल तिथला रंग सोलेल.

मागच्या चाकांना हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन नुसता दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. इथे जोर लावणाऱ्यानं कॅलिपर मोडलेला दिसतो. नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा. डिस्कच्या डगमगीची मर्यादा पुष्कळ गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते; गंजाची एक खपली त्याहून जाड असते, आणि मग ‘नवी डिस्क टाकली तरी पेडल थरथरतं’ ही तक्रार घेऊन गाडी परत येते. शेवटी गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं पेडल थेट जमिनीला टेकतं. हे विसरून गाडी रॅम्पवरून खाली घेणारे लोक समोरच्या भिंतीवर थांबतात.

आवळण्याबद्दल थोडं अजून, कारण नव्या मुलांची सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. टॉर्क रेंच त्याच्या मापपट्टीच्या खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. २०० न्यूटन-मीटरच्या रेंचनं १० न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळू नका. काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्यानं कधीही नट सोडवू नका. ‘टक्’ झाल्यावर अजून एकदा ओढायचा मोह आवरा. चाकाचे नट हवेच्या गननं पक्के करू नका. हातानं धरवा, समोरासमोरच्या क्रमानं घ्या आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंच लावा. छोट्या गाड्यांत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या अलीकडे-पलीकडे असतो, पण अंदाजानं चालू नका, त्या गाडीचा बघा. बोल्ट ‘अमुक टॉर्क आणि मग ९० अंश’ असा आवळायचा असेल तर तो बहुधा ताणला जाणारा बोल्ट असतो. तो पुन्हा वापरता येतो की नाही हे मॅन्युअल सांगतं, आणि बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असंच असतं.

हत्यारांवर फार लिहीत नाही. ८ ते १९ मिलिमीटरचे कॉम्बिनेशन पाने, अर्धा आणि पाव इंची रॅचेट सॉकेटसकट, सहा कोनांचे सॉकेट (बारा कोनांचे घट्ट बसलेल्या बोल्टची डोकी गोल करतात), ॲलन आणि टॉर्क्स, दोन-तीन पकडी, चांगले स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला लावायचा दिवा, चुंबकाची काठी. मोठी हत्यारं वर्कशॉपची असतात. जे हत्यार तिसऱ्यांदा उसनं मागायची वेळ येते, ते विकत घ्या. बाकीची थांबू शकतात.

पैसे खर्च करायचे तर मल्टिमीटरवर. १० मेगाओहम अंतर्गत रोध असलेला, किमान-कमाल नोंदवणारा, चांगल्या वायरींचा. आणि त्याच्या जोडीला एक साधा टेस्ट लॅम्प (वायरीला टोचून बघायचा बल्ब), कारण दोघे वेगळं सांगतात. वायरीची एकच काडी शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तो जवळजवळ काही करंट ओढतच नाही. त्याच वायरीवर हेडलाइटचा बल्ब लावला की तो पेटत नाही, आणि खरं कळतं. उलट बाजूनं, इंजिन कंप्युटरच्या सेन्सर वायरींवर जुन्या बल्बवाल्या टेस्ट लॅम्पनं टोचू नका. तिथे त्याचा करंट महागात पडू शकतो. मीटरबाबत एक नेहमीचा घोटाळा: करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते, आणि मग कुणीतरी बॅटरीच्या दोन टोकांना टेकवून व्होल्ट बघायला जातो. तो सरळ शॉर्ट असतो. फ्यूज उडतो, आणि मीटर हलका असेल तर फ्यूजवर भागत नाही.

मीटर हातात आल्यावर आधी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट जातात ते मोजणं, शिका. एक उदाहरण आकड्यांसह देतो. तक्रार अशी की इंजिन सुरू होताना स्टार्टर रडत फिरतो, नवी बॅटरी टाकली तरी तसाच. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. (१२.२ म्हणजे साधारण अर्धी.) फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि स्टार्टर फिरवत मोजा. बॅटरीच्या टोकांवर १०.८. ठीक, नेहमीच्या तापमानाला ९.६च्या खाली गेली नाही तर बॅटरीवर संशय नको. आता स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर आणि त्याच्या अंगावर मोजा: ९.३. दीड व्होल्ट वाटेत गेला. कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर ठेवून स्टार्टर फिरवा: ०.३. चालेल. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर: १.२. हा चोर. तिथे ०.२च्या आत यायला हवं. आता अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याच्या) वाटेवर एकेक सांधा तपासत या: बॅटरीच्या खांबापासून क्लॅम्प, क्लॅम्पपासून बॉडी, बॉडीपासून इंजिन. गंजलेली अर्थ पट्टी सापडेल.

हीच पट्टी ओहमवर तपासली असती तर चांगली निघाली असती. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल तर १.२ व्होल्ट घालवायला ०.००८ ओहम पुरतात, आणि हातातला मीटर इतकं बारीक मोजूच शकत नाही. त्याच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो. म्हणून मोजमाप करंट वाहत असताना करायचं. फ्युएल पंप, हेडलाइट, पंखा, काच वर-खाली करणारी मोटर, सगळीकडे हीच पद्धत. रोज एका चांगल्या चालणाऱ्या गाडीवर दहा मिनिटं हा सराव करा. चांगल्या सर्किटचे आकडे हाताखालून गेल्याशिवाय वाईट आकडा ओळखता येत नाही, आणि ऑइल बदलायला येणाऱ्या गाड्या त्यासाठीच उपयोगी पडतात. हेल्परच्या जागेचा हा फायदा कुणी सांगत नाही.

आता स्कॅनर. तो बिघाड सांगत नाही, कंप्युटरला काय पटत नाहीये ते सांगतो. पी०१७१ हा कोड घ्या: मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. नवा माणूस ऑक्सिजन सेन्सर बदलतो, कारण ती तक्रार त्या सेन्सरच्या मार्फत आलेली असते. सेन्सर बहुधा खरं बोलत असतो. लाइव्ह डेटात (चालू इंजिनाच्या आकड्यांत) फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) अधिक २२ टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ४, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय: फाटलेली होज, सुकलेलं गॅस्केट. गळतीची हवा साधारण तेवढीच राहते. आयडलला ती एकूण हवेत मोठा वाटा घेते, आरपीएम वाढल्यावर किरकोळ होते. उलट, आयडलला अधिक ३ आणि चढावर जोर लावताना अधिक २०, तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा हवेचा सेन्सर कमी मोजतोय. मग पहिलं काम फ्युएल प्रेशर मोजण्याचं. मात्र हा गळतीचा तर्क हवा थेट मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनाचा. जिथे मॅनिफोल्डचा (हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा) दाब पाहून हवेचा हिशोब होतो, तिथे चोरटी हवाही हिशोबात धरली जाते आणि ट्रिमऐवजी आयडल चढलेला दिसतो. त्यामुळे आधी इंजिन कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा.

हे सगळं वर्कशॉपच्या स्कॅनरवर शिकता येतं. कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणाचे आकडे) वहीत उतरवा. तापमान, आरपीएम, वेग, लोड या चार आकड्यांवरून बिघाड पुन्हा घडवता येतो. ‘बघू परत येतो का’ म्हणून कोड पुसणारा माणूस हाती असलेला एकमेव पुरावा टाकून देतो. बरेच मोड्युल (गाडीतले छोटे कंप्युटर) एकाच वेळी ‘संपर्क नाही’ म्हणायला लागले तर आधी सप्लाय आणि अर्थ पाहा, मग बॅटरी काढून स्कॅनर जोडायच्या सोळा पिनांच्या कनेक्टरवर ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास यायला हवा, कारण कॅनच्या (मोड्युलना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींच्या जोडीच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. नव्या गाड्यांत मधे गेटवे नावाचा वेगळा कंप्युटर असू शकतो, तेव्हा नकाशा समोर ठेवूनच निष्कर्ष काढा.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे, फक्त क्रम उलटा झालाय. त्यांतही रोजच्या तक्रारींचा मोठा भाग बारा व्होल्टची बॅटरी, सस्पेन्शन, टायर आणि ब्रेक यांचा असतो. ब्रेक तर खास: गाडी मोटरनंच वेग कमी करते, डिस्क क्वचित वापरली जाते, त्यामुळे ती झिजण्याऐवजी गंजते आणि सरकपिना अडकतात. म्हणजे वर ब्रेक पॅडबद्दल सांगितलं तेच काम. जाड नारिंगी वायरींचा भाग वेगळा आहे. ६० व्होल्ट डीसीच्या वर उच्च व्होल्टेज धरतात, आणि बॅटरी पॅक ४००, काही ८०० व्होल्टच्या वर्गातले असतात. सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरी पॅक तोडणारा प्लग) काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. कंपनीनं सांगितलेला वेळ थांबून, मीटर आधी चालू सप्लायवर तपासून, मग शून्य मोजून, आणि पुन्हा मीटर तपासूनच हात घालायचा. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे रोज हवा भरून तपासायचे, बारीक भोक डोळ्यांना दिसत नाही. हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही. रीतसर ट्रेनिंग आणि परवानगी मिळेपर्यंत नारिंगी वायरीपासून दूर राहा, मग सांगणारा कितीही सीनियर असो.

शरीराची काळजी हा विषय कोर्समध्ये एका तासात उरकतात, म्हणून काही ठाम नियम. जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्यावरच. अंगठी, कडं, घड्याळ लॉकरमध्ये. बॅटरी आणि पाना यांच्या मध्ये आलेली अंगठी क्षणात तापून लाल होते. ब्रेकची धूळ हवेनं उडवू नका, ओल्या पद्धतीनं साफ करा. कॉमन रेल डिझेलची गळती बोट फिरवून शोधू नका. तिथला दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि ती धार कातडीतून आत शिरते; वरून टाचणीएवढी खूण दिसते, पण ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. एअरबॅगच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावू नका. हातमोजे नायट्राइलचे, पण फिरत्या पट्ट्याजवळ किंवा ड्रिलवर जाड कापडी हातमोजे नकोत, ते हात आत ओढून नेतात.

किती दिवस थांबायचं, हेही तुमच्या मनात असणार. सहा महिन्यांनंतर सर्व्हिसिंग, ब्रेक, सस्पेन्शनची साधी कामं तुमच्याकडून स्वतंत्रपणे व्हायला हवीत. वर्षाच्या सुमारास सुपरवायझरला सरळ सांगा की एखादी तक्रार मला शोधू द्या, मोजलेले आकडे आणून दाखवतो, पार्ट तुम्ही ठरवा. हे बहुतेक ठिकाणी ऐकलं जातं, कारण यात त्यांचं नुकसान काही नाही. वहीत दर तक्रारीला तारीख, गाडी, किलोमीटर, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, काय मोजलं, काय सापडलं, इतकं लिहीत गेलात तर पुढच्या ठिकाणी मुलाखतीला प्रमाणपत्राच्या जोडीला तीच ठेवा. आणि दीड वर्ष उलटूनही तुम्हाला वायरिंगच्या आसपास कुणी फिरकू देत नसेल, तर मात्र दुसरी जागा शोधायला लागा. तिथेही आधी तेच तीन प्रश्न विचारा.